मध्यावर न येणारी दांडी

माझा टाका मी कुठेही ओळखते. शिवणकाम करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, तीही हेच सांगेल. पण आपला टाका आपण दगडांच्या गोदामात ओळखू, तोही समोर संगमरवराची लादी हवेत लटकत असताना, असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. अजूनही ते आठवलं की मशीनवरचा माझा पाय आपोआप थांबतो आणि समोर बसलेलं गिऱ्हाईक विचारतं, काय झालं म्हणून.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर कुणाला काही कळायचं नाही.

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर कुठल्यातरी इमारतीच्या लिफ्टखालच्या खड्ड्यात नाहीतर लिफ्टच्या छपरावर असतात, आणि घरी आले की जेवणाच्या टेबलावर जॉयस्टिक बनवतात. छंद हो. जुन्या गेम पार्लरमधल्या मशीनवर असायची ना, एक दांडी आणि शेजारी दोन ओळींत रंगीत बटणं, तशी. प्लायवूडची पेटी, वर ॲक्रिलिकचा पत्रा, आत वायरींचं जंजाळ. गेम खेळायचा घरच्याच टीव्हीवर, पण हातात दांडी मात्र पार्लरवाली हवी, असे शौकीन जगात आहेत, आणि त्यातले निम्मे तरी आमच्या दाराची बेल वाजवतात. एकाला दांडीवर गोल मूठ लागते, दुसऱ्याला वांग्यासारखी लांबट. दांडीखाली प्लास्टिकची एक चौकट असते, दांडीनं कुठवर जायचं ते ती ठरवते. कुणाला ती चौकोनी हवी, कुणाला अष्टकोनी, आणि त्यावरून पोराबाळांची माणसं माझ्या स्वयंपाकघरात तावातावानं भांडलेली मी पाहिली आहेत. माझ्या टाचण्यांच्या डबीत स्विच सापडतात. एकदा एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या खिशातून स्प्रिंग निघाली. बिचारा ती परत घेऊन आला आणि विचारायला लागला, ही कोटाचीच का.

ह्यांचा एक नियम आहे, तो त्यांनी कामावरून घरी आणलाय. लिफ्टचं बटण चालत नाही असं कुणी म्हणालं, तर त्या माणसाशी वाद घालायचा नाही. त्यानं अंगठ्यानं दाबलं की छत्रीच्या टोकानं, हे विचारायचं नाही. सरळ पॅनेल उघडायचं. "दाबणारा कधी चुकत नाही, चुकतं ते बटण," असं हे नव्या पोरांना शिकवतात. ह्या एका वाक्यावर त्यांनी आयुष्यभर नाव कमावलं. माझ्याशी भांडताना तेवढा हा नियम लागू नसतो.

आणि ह्यांचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ, माझे भावजी. दोन गल्ल्या सोडून एकटे राहतात, जेवायला आमच्याकडे. आईवडील लवकर गेले, ह्यांनीच त्यांना वाढवलं, त्यामुळे आपला तो बाब्या हे ओघानं आलंच. पण खोटं कशाला बोलू, भावजींची बोटं होतीच तशी. गेमच्या सामन्यांत त्यांच्यासमोर बसायला लोक कचरायचे. नोकरीतही त्यांना वर आणलं ते त्या बोटांनीच. आधी ते दगडांच्या गोदामात लाद्या घासायचे. दिवसभर गुडघ्यापर्यंत गढूळ पाणी आणि नाकातोंडात धूळ. एकदा क्रेनवाला आला नाही आणि मुकादमानं सहज विचारलं, कुणाला जमेल का. तिथली क्रेन छताला आहे. चालवणारा खाली जमिनीवर उभा असतो, पोटावर पट्ट्यानं एक डबा बांधून, आणि त्या डब्यावर दोन छोट्या दांड्या असतात. भावजींनी दांडी धरली आणि पहिलीच लादी अशी उतरवली की टेकल्याचा आवाजसुद्धा आला नाही. तेव्हापासून डबा त्यांच्या पोटावर. गोदामात सगळे त्यांना 'पायलट' म्हणतात. वर्षातून एकदा तिथे तब्येतीची तपासणी होते, आणि तिच्यात जो नापास होईल तो परत घासायच्या हौदाकडे. "वहिनी, डबा गेला म्हणजे मी गेलो," असं भावजी बोलून दाखवायचे. आम्ही ते हसण्यावारी न्यायचो.

बटणं जड लागतात असं ते पहिल्यांदा म्हणाले तेव्हा आम्ही जेवत होतो. ह्यांनी घास खाली ठेवला, पेटी उलटी केली आणि ताट बाजूला सारून स्क्रू काढायला बसले. प्रत्येक बटणाखाली बारकी स्प्रिंग असते, ती त्यांनी बदलली. भावजींनी दाबून बघितलं आणि म्हणाले, आता मस्त. पुढे काही आठवड्यांनी पुन्हा तेच. पुन्हा नव्या स्प्रिंगा, आणखी नाजूक. मग दांडी जड. मग डावीकडचं बटण. ह्यांनी स्प्रिंगा दूरदूरच्या दुकानांतून मागवल्या, त्या पुरेनात तेव्हा बॉलपेनच्या कापून लावल्या. मला वाटायचं, एवढी काळजी माझ्या मिक्सरची घेतली असती तर तो कधीच चालू झाला असता.

मग एका सकाळी मी टीव्हीपाशी आवराआवर करत होते. गेम चालूच होता, भावजी बाल्कनीत फोनवर बोलत होते. माझ्या हातातलं फडकं त्यांच्या पेटीवर पडलं. नुसतं पडलं. आणि पडद्यावरचा पहिलवान उड्या मारून हवेत लाथा झाडायला लागला. मला हसू आलं. मी फडकं उचललं आणि बटणांवर बोटं टेकवली, कापडावर टेकवते तशी, अजिबात न दाबता. तरी तेच. बोटं अधांतरी धरल्याशिवाय तो प्राणी गप्प बसेना.

"अहो, हे काय करून ठेवलंय?" मी विचारलं. "ह्यावर माशी बसली तरी हाणामारी सुरू होईल."

"त्याच्या हाताला असंच लागतं," हे अभिमानानं म्हणाले. "जातिवंत घोड्याला चाबूक लागत नाही, नुसता इशारा पुरतो."

तेवढ्यात भावजी आत आले, मांडीवर पेटी घेऊन खेळायला बसले, आणि थोड्या वेळानं मान न वळवता म्हणाले, "दादा, अजून किंचित जड आहे रे."

माझं फडकं हातातच राहिलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पेचकस शोधत होते.

मला धक्का बसला होता, पण कशाचा ते मला कळत नव्हतं. आमच्या धंद्यात एक आहे. एखादा माणूस पँट आवळून घ्यायला आला तर आवळून द्यावी. तोच माणूस तीच पँट घेऊन पुन्हा आला, आणि पुन्हा आला, की हातातली टेप खाली ठेवून विचारावं, बाबा रे, जेवतोस ना? मी भावजींना म्हटलं, "जरा हात दाखवा बघू."

त्यांनी लगेच डावा हात पुढे केला. "बघा आणि लग्न कधी होणार ते सांगा. मुलगी तिखट नको, घरात एक पुरे आहे."

हे मोठ्यानं हसले. मीही हसले. उजवा हात मागायचं राहून गेलं.

त्याच सुमाराला त्यांनी मला कामावरचा डगला आणून दिला. पुढची सगळी बटणं काढा आणि चेन लावा, म्हणाले, आणि चेनच्या टोकाला मोठी कडी हवी, बोट घालून ओढता येईल अशी. कामाच्या घाईत बटणांचा वैताग येतो, म्हणे. मला पटलं. मी पितळेची छान जाड कडी शोधून लावली आणि वर शाबासकी घेतली.

सामन्यात भावजी हरायला लागले. पहिल्याच फेरीत गारद होऊन यायचे आणि सांगायचे, बटणानं दगा दिला, दाबलं तरी लागलंच नाही. हे पेटी उघडायचे, स्विच तपासायचे, सोल्डर पुन्हा मारायचे, काही सापडायचं नाही, म्हणून जास्तच चिडायचे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं माझी आई म्हणायची. आमच्या घरात रोज बंब सोमेश्वरी जात होता आणि मी शेजारी बसून काजं करत होते.

मग ती काळी दांडी आली. भावजींनी खिशातून काढून टेबलावर ठेवली. आमच्याकडच्या दांड्यांपेक्षा बुटकी आणि दणकट होती, खाली रबराची घडीघडीची टोपी होती, ती फाटलेली. "यंत्रांचा गेम आलाय नवा," ते म्हणाले. "ट्रक, बुलडोझर, असलं काहीबाही चालवायचं. एकानं ही जुनी दांडी दिली. फार ताठ आहे दादा, सैल करून दे."

ह्यांना नवं खेळणं मिळालं. त्यांनी ती सोडवली, आतली जाड स्प्रिंग काढून पातळ टाकली. दांडी ढकलून सोडली की ती मध्यावर यायला हवी, हा सगळ्या दांड्यांचा धर्म. ही यायची, पण आळसानं, आणि कधीकधी वाटेतच बसून राहायची.

"ही परत येत नाहीये नीट," हे म्हणाले. "एका नंबरानं जाड स्प्रिंग टाकू का?"

"नको नको. चालेल. मी आणेन परत हातानं."

"तुझा खेळ, तू जाण."

फाटक्या टोपीचं काम माझ्याकडे आलं. रबर कुठून आणणार, मी जुन्या रेनकोटचं कापड घेतलं, घड्या घातल्या आणि हातानं शिवून गोल टोपी केली. काळा दोरा संपला होता म्हणून निळा वापरला. गेमच्या दांडीला कोण बघतंय, म्हटलं. घडीच्या कडेला उलटा टाका घातला, माझ्या आईचा, जो दुसरं कुणी घालत नाही कारण त्याला वेळ फार लागतो.

गोदामातलं ॲप्रनचं काम मला भावजींच्या ओळखीनंच मिळालं होतं. घासणाऱ्या माणसांना रबरी कापडाचे ॲप्रन लागतात. ते शिवून झाले तसे मी गठ्ठा बांधून स्वतःच पोचवायला गेले. त्याआधी मी त्या शेडमध्ये कधी पाऊल टाकलं नव्हतं. आत उन्हाचे पट्टे, दगडाची धूळ, लोखंडी घोड्यांवर, म्हणजे तिरप्या चौकटींवर, उभ्या करून ठेवलेल्या लाद्या. स्टोअरवाल्यानं मला पिवळ्या रेघेच्या अलीकडे उभं केलं आणि पावती आणायला गेला.

समोर भावजी उभे होते, पाठमोरे नाही, तिरपे. मला त्यांनी पाहिलं नव्हतं. वर छताला क्रेन सरकत होती आणि तिच्या दोन पट्ट्यांत एक पांढरी लादी, आमच्या दिवाणखान्याच्या भिंतीएवढी. पलीकडे एक कामगार रिकामा घोडा साफ करत होता, त्याची पाठ लादीकडे. मला केवढा अभिमान वाटला. आपले भावजी एवढा दगड हवेत फिरवतात. मी कौतुकानं त्यांच्या पोटावरच्या डब्याकडे बघितलं.

डब्यावर निळा दोरा होता.

आधी मला एवढंच वाटलं, अरे, हा तर माझा टाका. ओळखीचं माणूस परक्या गावात दिसावं तसं बरंसुद्धा वाटलं. मग ते डोक्यात शिरलं. ती टोपी, ती दांडी, जी मध्यावर येत नाही, जी आमच्या टेबलावर, माझ्या डोळ्यांदेखत सैल झाली, ती ह्या डब्यावर होती आणि तिच्या दुसऱ्या टोकाला ही लादी होती.

मग मी त्यांचा हात बघितला. उजवा. इतक्या महिन्यांत तो मी पहिल्यांदा नीट बघितला. त्यांनी दांडी बोटांनी धरलेलीच नव्हती. ते मनगटानं ती ढकलत होते, आणि बोटं खाली लोंबत होती, दोरीवर वाळत घातलेल्या हातमोज्यासारखी. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो तिथे खळगा पडला होता. ही तीच बोटं, ज्यांना लोक घाबरायचे.

त्यांनी मनगट काढलं. दांडी तिरकीच राहिली. लादी पुढे जात राहिली, अगदी हळू, त्या पाठमोऱ्या माणसाच्या दिशेनं. भावजींनी झटकन डावा हात आणून दांडी मागे ओढली. लादी थांबली, जराशी झुलली. त्या माणसाला पत्ताही नाही, तो फडकं पिळत होता. भावजींनी इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहिलं नाही ना म्हणून. त्यांच्या चेहऱ्यावर मी आजवर न पाहिलेलं काहीतरी होतं. रोज असं होत असणार, हे मला त्या चेहऱ्यावरून कळलं. आणि मग त्यांनी मनगट पुन्हा दांडीवर ठेवलं.

मी ओरडले असते तर ते दचकले असते आणि काय झालं असतं, देव जाणे. माझ्या बाजूच्या खांबावर लाल रंगाचं मोठं बटण होतं, धोका दिसल्यास कुणीही दाबावं असं वर लिहिलेलं. हे बटण दाबलं म्हणजे काय काय जाईल ते मला दिसत होतं. पायलट हे नाव जाईल, डबा जाईल, हौदातलं पाणी परत गुडघ्यापर्यंत येईल, आणि कदाचित ह्या हातांना हौदही मिळणार नाही. मी ते दोन्ही हातांनी दाबलं.

क्रेनची घरघर एकदम बंद पडली. एवढ्या मोठ्या शेडमध्ये असली शांतता मी कधी ऐकली नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मुकादम धावत आला.

"बाई, काय केलंत हे? कुणाला लागलं का?"

मी नुसतं बोट दाखवलं.

भावजींनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तरीही ते पुढे आले आणि सहज बोलल्यासारखं बोलले, "काही नाही साहेब, आमच्या वहिनी आहेत, घाबरल्या. दांडी जरा सैल झालीय. दादाकडून घट्ट करून आणतो."

दांडी सैल झालीय. ते खरंच असं म्हणाले. मला वाटलं मी वेडी होईन.

मुकादमानं डब्याकडे हात नेला, दांडी पुढे ढकलली आणि सोडली. ती तिरकी पडून राहिली. त्यानं ती परत मध्यावर आणली, परत ढकलली, परत सोडली. मग त्यानं त्या घोडा पुसणाऱ्या माणसाकडे बघितलं, वर लादीकडे बघितलं आणि कपाळावरचा घाम बाहीनं पुसला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता हळू आवाजात म्हणाला, "ही अशी कुणी केली?"

"आमच्या घरी केली," मी म्हटलं. "जेवणाच्या टेबलावर. आणि ही टोपी माझी."

पट्टा सोडायला भावजींना जमेना. मुकादमानं तो सोडला. दुसरा डबा आणून कुणीतरी लादी खाली घेतली. डॉक्टरनं ठीक आहे म्हटल्याशिवाय फाटकाच्या आत यायचं नाही, एवढं सांगून मुकादमानं आम्हाला बाहेर आणून सोडलं. ॲप्रनची पावती घ्यायची मी विसरले.

बसमध्ये भावजी खिडकीशी बसले. "मला बाजूला घेऊन सांगायचं होतंत, वहिनी. सगळ्यांसमोर कशाला?"

"त्या माणसाची पाठ होती, भावजी."

"मी थांबवली होती ना लादी."

"किती दिवस थांबवली असतीत?"

त्यांनी डाव्या हातानं उजवा उचलला आणि मांडीवर ठेवला, पिशवी ठेवावी तसा. डगल्याची चेन अर्धी उघडी होती आणि तिच्या टोकाला माझी पितळेची कडी. मला एकदम कळलं, ही कडी कशाला हवी होती. बटणं लावता येत नव्हती त्यांना. ते मला सांगत होते, आपल्या परीनं, आणि मी शाबासकी घेतली. मी खिडकीबाहेर तोंड फिरवलं, पण तिथे तेच होते, काचेत. मग मी सरळ रडले. शेजारच्या बाईनं उठून जागा बदलली.

हे घरी आले होते. आम्हाला दोघांना एकत्र, असल्या वेळी, असल्या चेहऱ्यांनी बघून उठून उभे राहिले. मी सांगितलं सगळं. टोपी, लादी, पाठमोरा माणूस, लाल बटण, काही गाळलं नाही. लिफ्टच्या माणसाला स्प्रिंग परत न येणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. त्यांचा रंग उडाला. ते भिंतीला टेकले आणि पुटपुटले, "माणसं होती खाली. मी सैल केली. खाली माणसं होती."

मग ते सावरले, आणि कसे सावरले ते ऐका. त्यांनी टेबलावरची कापडं बाजूला केली, दिवा ओढला आणि विचारलं, "दांडी कुठंय? आणलीय का? आण, बघू दे मला, कुठं अडकते ती."

आणि हात पेचकसाकडे.

माझा तोल गेला. मी पेचकस हिसकावून घेतला आणि मशीनच्या खणात टाकून खण बंद केला. "किती दिवस पेट्या उघडणार आहात?" मी म्हटलं. "त्याच्या पेटीत काही नाहीये. दांडीत काही नाहीये. त्याचा हात बघा. लहानपणी धरून रस्ता ओलांडलात ना, तोच हात. एकदा बघा."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग भावाकडे. भावजी दाराशीच उभे होते, उजवा हात पाठीमागे घेऊन.

"इकडे ये," हे म्हणाले.

"काही नाही रे दादा. झोपेत दबला असेल."

"ये म्हणतो ना."

भावजी आले आणि समोर बसले. ह्यांनी त्यांचा हात पाठीमागून ओढून दिव्याखाली आणला. उलटा केला, सुलटा केला. अंगठ्याच्या बुडाशी जो खळगा पडला होता त्यावरून बोट फिरवलं. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मग त्यांनी स्वतःचा तळहात टेबलावर उताणा ठेवला.

"ह्यावर दाब. एका बोटानं, खेळताना दाबतोस तसं."

भावजींनी खांद्यातून हात पुढे केला. त्यांचं पहिलं बोट ह्यांच्या तळहातावर टेकलं. हे मान खाली घालून वाट बघत राहिले.

"घाबरू नकोस. जोर लाव."

काही झालं नाही. भावजींच्या कपाळावरची शीर फुगली होती.

"अरे, दाब की."

"दाबतोय की, दादा," भावजी म्हणाले.